शाफ्टच्या खाचेचे 25 टक्के

साखर कारखान्यातला ऊस चिरडणारा मिल रोलर मिनिटाला जेमतेम पाच फेरे घेतो. त्या संथ गतीला 500 किलोवॉट द्यायचे तर तो फिरवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, साडेनऊ लाख न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) येतो. 1500 फेऱ्यांच्या मोटरवर तीच शक्ती 3200 न्यूटन-मीटरच्या आत भागते. शाफ्टचा जाडपणा ठरतो तो या पिळावरून.

1842 मध्ये वर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेगाडीच्या चाकांचा आस मोडला, पन्नासहून अधिक माणसे गेली. लोखंड जुने होऊन स्फटिकासारखे ठिसूळ होते, असे तेव्हा मानत. प्रशियाच्या रेल्वेतल्या चाचण्यांनी 1870 पर्यंत दाखवून दिले, की एका झटक्यात न मोडणारा भारही लाखो वेळा आला की आस मोडतो.

तरीही शाफ्टच्या रचनेसाठीच्या 1927 च्या अमेरिकी संहितेने सोपी वाट धरली: साध्या पोलादाला चौरस इंचामागे 8000 पौंड कातर-ताण (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) चालेल, चावीची खाच, म्हणजे शाफ्ट आणि चाक एकत्र फिरवणाऱ्या धातूच्या पट्टीसाठी कोरलेली खाच, असेल तर 6000. म्हणजे सरसकट 25 टक्के कपात. खाचेचा कोपरा किती गोल, ती एंड मिलने (बोटासारख्या उभ्या कटरने) पाडली की चकतीच्या कटरने, याचा विचारच नाही. कोपऱ्याची त्रिज्या शाफ्टच्या व्यासाच्या 2 टक्के असेल तर तिथला ताण वाकण्यात दुपटीवर आणि पिळात जवळपास तिपटीवर जातो. मूळ मर्यादेतच सुरक्षिततेसाठी पुरेशी सूट आहे, असे संहितेचे समर्थक म्हणतात. भार एकसारखा असेल तर ते खरे. पण मिलमध्ये ऊस कधी दाट येतो कधी विरळ, चोक झालेली, म्हणजे उसाने तुंबून थांबलेली, मिल भरल्या पोटी पुन्हा सुरू करावी लागते. तिथे हा आकडा अपुराच पडतो. 1985 च्या अमेरिकी मानकाने थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने धातू मोडण्याचा, हिशेब आणला. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या वर्गांत मात्र अजून 25 टक्केच गिरवले जातात.

दरम्यान ऊस गाळण्याचा विभाग, म्हणजे मिल हाऊस, बदलला. वाफेच्या इंजिनानंतर टर्बाइन आले, मग सहवीजनिर्मितीसाठी वाफ वाचवायची म्हणून विजेच्या मोटरी आणि तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ड्राइव्ह. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या विद्युत यंत्रणेवर) पिळाची कमाल मर्यादाच बांधून देता येते, हा मोठा फायदा. वेग उतरवणारा प्लॅनेटरी गिअरबॉक्स थेट शाफ्टच्या टोकावर श्रिंक डिस्क नावाच्या आवळकड्याने पकडून बसवतात, त्यामुळे तिथली चावी गेली. पण गिअरबॉक्सचे वजन आणि त्याला फिरू न देणाऱ्या दांड्याची, म्हणजे टॉर्क आर्मची, ओढ शाफ्टला वाकवू लागली. आता ऑफ-सीझनच्या अल्ट्रासॉनिक तपासणीत जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) फिलेटइतकेच, म्हणजे तिथल्या गोलसर कोपऱ्याइतकेच, लक्ष त्या पकडीच्या काठावर ठेवावे लागते. तिथे धातू सूक्ष्म घासून तांबूस भुकटी सुटते आणि चीर तिथूनच आत शिरते.