कुंकू कुठं गेलं?

कपाळावर ठसठशीत लाल कुंकू लावलेल्या बाईचा रंगीत फोटो घ्या आणि एखाद्या ॲपमध्ये तो फक्त लाल चॅनेलमधून, म्हणजे फोटोतल्या नुसत्या लाल उजेडाच्या नोंदीवरून, ब्लॅक अँड व्हाइट करा. कुंकू जवळजवळ नाहीसं होतं. तोच फोटो निळ्या चॅनेलमधून केला की कुंकू काळंकुट्ट दिसतं. जोडीला गालावरचे वांग, मुरुमांचे जुने डाग, डोळ्यांखालची वर्तुळं सगळं वर येतं. फोटो एकच, बाई तीच, वय मात्र एकदम वाढलेलं.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी-जास्त कळतो. म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बारीक जाळी बसवलेली असते. या मांडणीचं पेटंट कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांना १९७६ साली मिळालं. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या आणि पाव-पाव लाल व निळ्या असतात. म्हणजे रंगीत फोटोच्या पोटात तीन कृष्णधवल फोटो असतातच. त्यातला कोणता किती घ्यायचा, एवढाच प्रश्न.

मोबाइलमधला तयार ‘मोनो’ फिल्टर हा प्रश्न आपल्याला विचारतच नाही. खानावळीच्या थाळीसारखं आहे ते, पोट भरतं, पण काय किती वाढायचं हे आपल्या हातात नसतं. असं रूपांतर करताना बऱ्याचदा लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के हे प्रमाण वापरतात. ते अमेरिकेत १९५३ साली ठरलेल्या रंगीत टीव्हीच्या मानकापासून चालत आलंय. आपल्या डोळ्याला हिरवा उजेड सर्वांत प्रखर वाटतो, म्हणून त्याला सर्वांत मोठा वाटा. आता हिशेब करून बघा. फोटोत प्रत्येक रंगाचा उजेड ० (काळा) ते २५५ (पूर्ण उजळ) अशा आकड्यांत मोजतात. समजा कुंकवाचे आकडे लाल २००, हिरवा २०, निळा ३० आहेत आणि आजूबाजूच्या कातडीचे १९०, १४०, ११०. वरच्या प्रमाणानं कुंकू येतं ७५ आणि कातडी साधारण १५२. कुंकू उठून दिसतं. नुसत्या लाल चॅनेलमध्ये मात्र २०० आणि १९०. एवढ्याशा फरकात कुंकू विरघळून जातं.

चेहऱ्याच्या बाबतीत या सगळ्यामागे दोन रसायनं आहेत, कातडीला सावळेपणा देणारं मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. मेलॅनिन निळा प्रकाश भरपूर शोषतं आणि लालकडे सरकत जावं तसं कमी. हिमोग्लोबिन निळ्या-जांभळ्यात ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास आणि हिरव्या-पिवळ्यात ५४० ते ५८० च्या दरम्यान प्रकाश गिळतं. ६०० च्या पुढे त्याची भूक एकदम मंदावते. त्यामुळे लाल झालेला ताजा मुरूम हिरव्या चॅनेलमध्ये काळपट ठिपका होतो आणि लालमध्ये दिसेनासा होतो. शिवाय लाल प्रकाश कातडीत खोलवर शिरतो, आत विखुरतो आणि पसरून बाहेर येतो. सुरकुत्या, रंध्रं त्यात मऊ पडतात. निळा प्रकाश वरच्या थरांतूनच परततो, म्हणून वरचं सगळं दाखवतो.

जुन्या फोटोग्राफरांपुढे हा पर्यायच नव्हता. १८३९ चं दागेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा फोटो) आणि १८५१ पासूनची ओली कोलोडियन काच (रसायनाचा ओला थर दिलेली), दोन्ही निळ्या-जांभळ्या उजेडालाच दाद देत आणि लालला जवळपास आंधळ्या होत्या. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, तो हाच काळ. १८७३ मध्ये बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना असं आढळलं, की रसायनात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर काच हिरव्यालाही जागी होते. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं. पणजीच्या फोटोत कुंकू काळं आणि कातडी प्रत्यक्षापेक्षा सावळी दिसत असेल, तर त्यात पणजीइतकाच त्या काचेचाही हात असू शकतो.

आता घरच्या फोटोकडे. मोनो फिल्टर लावून फोटो काढू नका. रंगीतच काढा, आणि फोनमध्ये रॉची (सेन्सरनं टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलची) सोय असेल तर रॉ. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, जागा वाचवायला रंगाची माहिती बहुधा पाव तपशिलातच साठवतात. उजेडाची माहिती पूर्ण असते, म्हणून साध्या नजरेला हे कळत नाही. पण ॲपमधल्या रंगांच्या पट्ट्या (स्लायडर) जोरात सरकवल्या, की गालावर चौकोनी ठोकळे उमटायला लागतात.

खिडकीचा उजेड सर्वांत सोयीचा, थेट ऊन मात्र नको. ऊन येत असेल तर पातळ पांढरी ओढणी लावा. खिडकीला चिकटून बसलं तर सावलीची कड मऊ येते, पण जवळचा आणि लांबचा गाल यांच्या उजेडात फार तफावत पडते. मागे सरकलं की तफावत घटते, मात्र खिडकी चेहऱ्याच्या मानानं लहान होते आणि सावली टोकदार व्हायला लागते. जवळ बसून दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरणं मला जास्त आवडतं. आणि घरातले दिवे बंद ठेवा. ‘रंग काढूनच टाकायचाय, मग पिवळा बल्ब चालेल की’ असं वाटतं खरं; पण बल्बच्या उजेडात निळा भाग फारच थोडा असतो, त्यामुळे निळं चॅनेल दाणेदार होतं. बल्बकडचा गाल लाल चॅनेलमध्ये भलताच उजळतो ते वेगळंच.

फोन तोंडाजवळ नेऊ नका. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतात. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर नाक कानांच्या मानानं ४० टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवरून हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. दोष भिंगाचा नाही, अंतराचा. दीड मीटर मागे जा आणि दुप्पट झूम करा.

मागे काळी चादर लावली तर फोन अंधार समजून चेहरा पांढराफटक करतो. चेहऱ्यावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. कपाळाचं तेल मात्र आधीच टिपून घ्या. ती चमक म्हणजे कातडीत न शिरता वरूनच परतलेला उजेड. तिन्ही चॅनेलमध्ये ती सारखीच पांढरी असते, त्यामुळे नंतर कुठलीही पट्टी तिला हटवू शकत नाही.

संपादनात स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगांचे फिल्टर मिळतात. लाइटरूममध्ये प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते. कातडी मुख्यतः नारिंगी पट्टीत बसते. ती वर नेली की डाग जातात आणि माणूस गोराही होतो, आणि इथंच मला थांबावंसं वाटतं. आपल्याकडे स्टुडिओवाले पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकाला न विचारता गोरं करत आलेत. सावळ्या चेहऱ्याची गंमत गालाच्या हाडावरून उतरणाऱ्या करड्या छटांत असते; नारिंगी पट्टी शेवटाला नेली की त्या छटाच सपाट होतात. मी ती थोडीशीच हलवतो, हिरव्या चॅनेलचा वाटा मोठा ठेवतो आणि एखादा नकोसा मुरूम वेगळा पुसतो. वांग तसेच राहू देतो. म्हाताऱ्या माणसाचा फोटो असेल तर उलट निळ्याकडे थोडं झुकायलाही हरकत नाही, अर्थात आजीची परवानगी घेऊन.

शेवटी ॲपमधल्या ‘ग्रेन’नं फोटोत थोडे दाणे घालावेत. आठ बिटांच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की मागच्या सपाट भिंतीवर त्या पट्ट्यांसारख्या दिसू लागतात, आणि दाणे त्यांच्या कडा मोडतात. छापून घेणार असाल तर आधी एकच लहान प्रत काढून बघा. लॅबमध्ये बहुतेकदा रंगीत कागदावरच छापतात आणि करड्या रंगात हिरवट किंवा गुलाबी झाक उतरते. ती दिसली तर तसं सांगून मशीन जुळवून घ्या, मगच मोठी प्रत काढा.