डिलीट केलेली फाइल जाते कुठे?

विजेच्या खांबावर ‘घरबसल्या कमवा’च्या शेजारी हल्ली नवी जाहिरात दिसते, ‘तीन महिन्यांत एथिकल हॅकर बना’. सोबत काळी हुडी घातलेला, चेहरा नसलेला मुलगा आणि मागे हिरव्या आकड्यांचा पाऊस. मग फी भरून आलेली मुलं पहिल्याच तासाला विचारतात, वायफायचा पासवर्ड कसा फोडायचा? मी म्हणतो, ते राहू द्या. घरातला एखादा जुना, फॅट-३२ पद्धतीने (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह घ्या, त्यातला एक फोटो डिलीट करा आणि तो गेला कुठे ते शोधा.

या एका प्रश्नाने अमेरिकेत एका खुन्याला गजाआड केलं. कॅन्सस राज्यातल्या विचिटा परिसरात १९७४ ते १९९१ या काळात १० खून करणारा डेनिस रेडर वर्षानुवर्षं मोकळा होता. २००४ मध्ये त्याला पुन्हा पत्रं पाठवायची हुक्की आली. फ्लॉपी पाठवली तर माग लागेल का, असं त्याने चक्क पोलिसांनाच विचारलं. पोलिसांनीही वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून ‘काही हरकत नाही’ असं कळवून टाकलं! फेब्रुवारी २००५ मध्ये फ्लॉपी एका टीव्ही केंद्रात पोहोचली. तिच्यावर डिलीट केलेली वर्डची एक फाइल सापडली, आणि त्या फाइलच्या नोंदींत एका चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ ही अक्षरं. रेडर त्याच चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता. डीएनए जुळला आणि २५ फेब्रुवारीला त्याला अटक झाली.

आता मला मनापासून आवडणारा भाग. फॅट पद्धतीत प्रत्येक फाइलची ३२ बाइटांची एक नोंद असते. पहिल्या ११ बाइटांत नाव, शेवटच्या ४ बाइटांत फाइलचा आकार आणि त्याआधीच्या २ बाइटांत मजकूर कुठल्या खणापासून सुरू होतो तो आकडा. (फॅट-३२ मध्ये हा आकडा मोठा होऊ शकतो, म्हणून त्याचा वरचा भाग त्याच नोंदीत थोडा अलीकडे असतो.) खणाला क्लस्टर म्हणतात. एका क्लस्टरनंतर पुढचा कुठला, ही साखळी ‘फॅट’ नावाच्या वेगळ्या तक्त्यात लिहिलेली असते.

तुम्ही डिलीट दाबता तेव्हा नावाचं पहिलं अक्षर पुसून तिथे ई५ ही खूण बसते. हा संगणकवाल्यांच्या सोळाच्या पाढ्यातला आकडा, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत २२९. तक्त्यातल्या साखळीच्या जागी शून्यं येतात. बस्स. खुद्द फोटोच्या एकाही बाइटला कोणी हात लावलेला नसतो. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून शेत काही कोणी उचलून नेत नाही, तसंच हे. (गंमत म्हणजे जपानी लिपीत काही अक्षरांची सुरुवातच ई५ ने होते. तशा नावाची चांगली फाइल डिलीट झालेली वाटू नये म्हणून तिथे ई५ ऐवजी ०५ लिहायची सोय करावी लागली.)

नोंदीत सुरुवातीचा खण आणि आकार शिल्लक आहे, म्हणजे फाइल सलग लिहिलेली असेल तर तिथून तेवढे बाइट उचलायचे की फोटो हजर. तुकड्यातुकड्यांत लिहिलेली असेल तर साखळी गेल्याने पंचाईत. आणि नोंदसुद्धा नष्ट झाली असेल तर मजकुराच्या खुणेवर जायचं. जेपीईजी फोटो नेहमी एफएफ डी८ एफएफ या ३ बाइटांनी सुरू होतो, म्हणून अख्खा पेनड्राइव्ह त्यासाठी चाळायचा.

याहून बारीक एक जागा आहे. क्लस्टर ४०९६ बाइटांचा आणि नवी फाइल ६०० बाइटांची असेल, तर ५१२ बाइटांचे दोन सेक्टर (क्लस्टरचे छोटे कप्पे), म्हणजे १०२४ बाइट लिहिले जातात. उरलेल्या ३०७२ बाइटांत आधीच्या फाइलचा ऐवज तसाच राहतो. त्याला स्लॅक म्हणतात आणि कसलेला तपासनीस तिथे डोकावल्याशिवाय राहत नाही.

उलट बाजूची अंधश्रद्धाही आहेच. डिस्क ३५ वेळा खोडल्याशिवाय साफ होत नाही, असं अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. हा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला, तोही जुन्या, तऱ्हेतऱ्हेच्या हार्ड डिस्क डोळ्यांसमोर ठेवून काढलेला. लोक तो भूत उतरवायच्या मंत्रासारखा वापरतात, असा टोला पुढे खुद्द गटमन यांनीच मारला. आजच्या हार्ड डिस्कवर पूर्ण डिस्कभर एकदा नीट लिहिलं की पुरतं. एसएसडीचा, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा, मामला आणखी वेगळा. तिथे फाइल खोडताच संगणक ट्रिम नावाची आज्ञा देतो आणि डिस्क आपणहून ती जागा रिकामी करायला घेते. नव्या मोबाइलमध्ये तर साठवण कूटबद्ध असते. तेव्हा ‘कुठलाही डिलीट झालेला मेसेज परत आणून देतो’ म्हणणाऱ्याला आधी पैसे देऊ नका.

सापडलेला पुरावा कोर्टात टिकवणं हे निराळंच शास्त्र. पेनड्राइव्ह नुसता लावला तरी विंडोज त्यावर ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचं फोल्डर करून ठेवतं, म्हणजे पुराव्यात तपासणाऱ्याचाच हात लागला. म्हणून मध्ये राइट ब्लॉकर, म्हणजे फक्त वाचू देणारं, लिहू न देणारं उपकरण लावतात, बाइटन् बाइटची प्रत काढतात आणि मूळ व प्रत दोन्हींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला बोटाचा ठसाच जणू, काढून जुळवतात. एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश ६४ अक्षरी असतो. मजकुराचा एक बिट बदलला तरी तो ओळखू येणार नाही इतका बदलतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचा प्रश्न आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गाजला. मूळ उपकरण हजर करत नसाल तर प्रमाणपत्र हवंच, असा निकाल २०२० मध्ये लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तर हॅश लिहायला रकानाच आहे.

शिकायला ऑटॉप्सी आणि फोटोरेक ही दोन्ही साधनं फुकट मिळतात. पेनड्राइव्ह मात्र स्वतःचाच वापरा. दुसऱ्याच्या यंत्रात विनापरवाना शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खांबावरच्या जाहिरातीत हे छापलेलं नसतं.