निकटदृष्टिता

निकटदृष्टिता (ऱ्हस्वदृष्टी, मायोपिया) म्हणजे जवळचे स्पष्ट आणि लांबचे अंधूक दिसण्याचा दृष्टिदोष. रोजच्या बोलण्यात हे शब्द फारसे येत नाहीत. घरोघरी ‘लांबचा नंबर लागलाय’ किंवा ‘मायनसचा चष्मा आहे’ असेच म्हणतात. ऱ्हस्वदृष्टी हा शब्द लाक्षणिक अर्थानेही रूढ आहे. आजच्या फायद्यापुरते पाहणाऱ्या धोरणाला ऱ्हस्वदृष्टीचे धोरण म्हणतात. याउलट दूरदृष्टी हा गुण, पण दूरदृष्टिता मात्र जवळचे नीट न दिसण्याचा दोष. विद्यार्थ्यांची इथे हमखास गल्लत होते.

प्रौढ माणसाचा नेत्रगोल समोरून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. बहुतेक निकटदृष्टी डोळे याहून लांब वाढलेले असतात. काहींत पारपटलाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, कॉर्नियाची) वक्रता जास्त असते. त्यामुळे दुरून येणारे किरण दृष्टिपटलावर (डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, रेटिनावर) न जुळता त्याच्या अलीकडेच एकत्र येतात. लांबी केवळ एक मिलिमीटरने वाढली तरी नंबर साधारण अडीच ते तीन डायॉप्टरने (चष्म्याचा नंबर मोजण्याच्या एककाने) वाढतो. अंतर्वक्र भिंग हे किरण थोडे फाकवून प्रतिमा मागे, जागेवर नेते. अशी भिंगे युरोपात पंधराव्या शतकापासून वापरात होती. त्यामागचे प्रकाशशास्त्र जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने १६०४ साली मांडले.

चष्म्याच्या कागदावरचा आकडा थेट अंतर सांगतो. १०० सेंटीमीटरला नंबराने भागले की चष्म्याविना स्पष्ट दिसण्याची मर्यादा कळते. उणे २ नंबराला ती ५० सेंटीमीटर, उणे ५ ला अवघी २०. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, तरी उणे अडीचच्या आसपास नंबर असलेली माणसे चष्मा कपाळावर सरकवून पेपर आरामात वाचतात, ते याच हिशेबाने.

दोष बहुधा शाळेच्या वयात सुरू होतो आणि मूल स्वतःहून सांगत नाही, कारण इतरांनाही असेच दिसत असेल असे त्याला वाटते. फळ्यावरचे सोडून शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेणे, टीव्हीला चिकटून बसणे, एसटी अगदी पुढ्यात येईपर्यंत पाटी न वाचता येणे, या खुणा पाहाव्यात. सर्वांत बोलकी खूण म्हणजे डोळे बारीक करून पाहणे. पापण्यांची फट अरुंद झाली की कडेचे किरण अडतात आणि अंधूकपणा तात्पुरता कमी होतो.

आनुवंशिकता हे एक कारण आहेच, परंतु काही पिढ्यांतच झालेली वाढ केवळ तिने समजावता येत नाही. सतत जवळचे काम आणि दिवसाच्या उजेडात कमी वावर यांचा वाटा मोठा आहे. बाहेरच्या प्रखर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन हे रसायन अधिक स्रवते आणि नेत्रगोलाच्या वाढीला आळा बसतो, असे मानले जाते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याचा कार्यक्रम राबवला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातील निम्मी लोकसंख्या निकटदृष्टी असेल. अशा वेळी शाळेचे मैदान आणि खेळाचा तास ही चैन समजणे परवडणारे नाही.

‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हा समज घट्ट रुजला आहे आणि त्यापायी अनेक मुलांचे, विशेषतः मुलींचे, चष्मे लांबणीवर पडतात. तो चुकीचा आहे. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिल्यानेही वाढ थांबत नाही. वाढ मंदावण्यासाठी कमी तीव्रतेचे अॅट्रोपिनचे थेंब, खास घडणीची भिंगे किंवा रात्री घालण्याची कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. हे नेत्रतज्ज्ञांनीच ठरवायचे.

नंबर स्थिरावल्यावर, अठरा वर्षांनंतर, लेसरने पारपटलाचा आकार बदलून चष्मा घालवता येतो. नेत्रगोल मात्र तेवढाच लांब राहतो. म्हणून उणे ६ च्या पुढे नंबर असलेल्यांना चष्मा गेल्यावरही काचबिंदूचा आणि पडदा सरकण्याचा (दृष्टिपटल सुटण्याचा) धोका इतरांपेक्षा अधिक असतो. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले, वीज चमकल्यासारखे झाले किंवा एका बाजूने सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.