इंटरप्ट कंट्रोलरचे प्रोग्रॅमिंग

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवरचा छोटा संगणक, एका कामात असताना टायमर, सिरियल पोर्ट किंवा बाहेरचा सेन्सर यांच्याकडून तातडीचा संकेत आला, की हातातले काम जिथल्या तिथे ठेवून त्या संकेताचे काम उरकायचे आणि पुन्हा मूळ जागी यायचे, या व्यवस्थेला इंटरप्ट म्हणतात. परिभाषेत ‘व्यत्यय’ असा शब्द आहे. वर्गात आणि वर्कशॉपमध्ये मात्र इंटरप्टच रूढ आहे. अनेक संकेतांपैकी कोणाला आत सोडायचे, कोणाला ताटकळत ठेवायचे हे इंटरप्ट कंट्रोलर ठरवतो.

सोलापूरच्या वाचकाला हे यंत्रमागावरून चटकन कळेल. सुधारित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी, म्हणजे ड्रॉप पिन, लटकत असते. धागा तुटला की पिन खाली पडते, सर्किट पूर्ण होते आणि माग थांबतो. हजारो धागे एकेक करून तपासत बसावे लागत नाही. तुटलेला धागाच वर्दी देतो.

कल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. युनिव्हॅक १ (१९५१) या संगणकात बेरीज मर्यादेबाहेर गेली की ठरलेल्या पत्त्यावरचा छोटा प्रोग्रॅम चालवण्याची सोय होती. पण ते कारण प्रोसेसरच्या आतले असल्याने काही अभ्यासक त्याला इंटरप्ट मानत नाहीत. अनेक संदर्भग्रंथ पहिलेपणाचा मान युनिव्हॅक ११०३ए ला देतात आणि वर्ष १९५३ सांगतात. यात अडचण अशी, की १९५३ हे मूळ ११०३ चे वर्ष आहे आणि ११०३ए हे प्रतिरूप १९५६ च्या सुमारास आले. इनपुट-आउटपुटसाठी इंटरप्टचा वापर अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या डायसीॲक (१९५४) या संगणकापासून धरतात. बाहेरच्या उपकरणाने प्रोसेसरला थांबवणे हीच खूण मानली, तर डायसीॲकचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. प्राधान्याच्या अनेक पातळ्या टीएक्स-२ (१९५७) या यंत्रात आल्या. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांचा १९५९ चा प्रबंध एक्स१ या यंत्रातील इंटरप्ट हाताळणीवरच होता.

इंटेल ८०८५ या प्रोसेसरवर पाच इंटरप्ट रेषा, म्हणजे संकेत आत येण्याच्या वाटा, आहेत. त्यांपैकी ट्रॅप ही रेषा प्रोग्रॅमने बंद करता येत नाही. रेषा अपुऱ्या पडल्या की ८२५९ ही वेगळी चिप जोडत. एका चिपवर ८ रेषा, साखळी केल्यास ६४ पर्यंत. तिची सुरुवातीची आज्ञा-शब्दमालिका ठरलेल्या क्रमानेच लिहावी लागते. नेहमीच्या पद्धतीत काम संपल्याची आज्ञा द्यायची राहिली, तर ती पातळी आणि तिच्याखालच्या सगळ्या अडून बसतात. ८०५१ (१९८०) या मायक्रोकंट्रोलरमध्ये इंटरप्ट कंट्रोलर चिपच्या आतच आहे: ५ स्रोत, २ पातळ्या. पहिल्या स्रोताच्या प्रोग्रॅमचा मेमरीतला पत्ता ३, पुढचे प्रत्येकी ८ बाइटांवर. एवढ्या जागेत मोठा प्रोग्रॅम मावत नाही, म्हणून तिथे बहुधा फक्त उडीची आज्ञा असते.

एआरएम कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरमधील एनव्हीआयसी हा कंट्रोलर २४० पर्यंत बाह्य इंटरप्ट सांभाळतो. संकेत आल्यावर प्रोसेसर आपली ८ रजिस्टरे (आतले छोटे साठे) आपणहून स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत, ठेवतो. मेमरीने थांबवले नाही तर हे १२ घड्याळ-ठोक्यांत होते. ८२५९ वर शिकलेला माणूस इथे काम संपल्याची आज्ञा शोधत राहतो, पण ती नाही. परतताना कंट्रोलर स्वतःच नोंद पुसतो. मात्र टायमर किंवा पोर्टाचा स्वतःचा ध्वज, म्हणजे संकेत दिल्याची खूण असलेला बिट, प्रोग्रॅमनेच खाली करावा लागतो, नाहीतर तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा येतो. ध्वज अगदी शेवटच्या ओळीत पुसला तरी हा घोटाळा होऊ शकतो, कारण लिहिलेली किंमत उपकरणापर्यंत पोहोचण्याआधीच प्रोसेसर परत फिरलेला असतो. म्हणून ध्वज सुरुवातीलाच पुसावा.

प्राधान्याचा आकडा जितका लहान, तितका इंटरप्ट वरचा. इथे एक बारकावा नवशिक्यांना हमखास चकवतो. प्राधान्याचे रजिस्टर ८ बिटांचे असले, तरी एसटीएम३२एफ१०३ सारख्या कॉर्टेक्स-एम३ असलेल्या चिपमध्ये त्यांतले वरचे ४ बिटच खरे असतात. रजिस्टरात थेट ५ लिहिले तर ते खालच्या बिटांत पडून वाया जातात आणि इंटरप्टला शून्य, म्हणजे सर्वांत वरचे, प्राधान्य मिळते. ५ हवे असल्यास आकडा ४ बिट डावीकडे सरकवून ८० लिहावा लागतो. प्राधान्य आधी ठरवावे, साचलेली जुनी विनंती पुसावी आणि मगच इंटरप्ट चालू करावा.

मिनिटाला १५० फेरे घेणाऱ्या मागाला एका फेऱ्यासाठी ४०० मिलिसेकंद लागतात; ७२ मेगाहर्ट्झवर आधी सांगितलेले १२ ठोके म्हणजे मायक्रोसेकंदाचा सुमारे सहावा भाग. तेव्हा इथे वेग पुरेसा आहे, कस लागतो तो खोट्या संकेतांशी. मागाच्या हादऱ्याने पिन थरथरते, सुताची रुई संपर्कावर बसते, मोटर चालू-बंद होताना तारेत झटका येतो आणि एका तुटीचे दहा इंटरप्ट होतात. यावर उपाय म्हणून इंटरप्टमध्ये फक्त टायमर सुरू करून ती रेषा तात्पुरती बंद करतात. काही मिलिसेकंदांनी टायमर पिनची स्थिती पुन्हा वाचतो. संपर्क तसाच असेल तर माग थांबवण्याचा संकेत जातो, नसेल तर साचलेली विनंती पुसून रेषा परत उघडली जाते.