पहिला कॅमेरा घेताय? आधी लेन्स ठरवा

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कितीपर्यंत जाईल?" आणि दुसरा, "किती मेगापिक्सेलचा?" त्यावर आम्ही उलट विचारतो, फोटो कशाचे काढायचेत? घरातलं रांगतं बाळ, कासच्या पठारावरची फुलं, मायणीच्या तलावावरचे पक्षी, चुलतबहिणीची हळद, नाहीतर स्वतःचं यूट्यूब चॅनेल. या सगळ्यांना एकच बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, चालून जाईल, लेन्स मात्र एक नाही चालणार. हे पत्रक त्यासाठीच छापलंय. घरी निवांत वाचून या, म्हणजे काउंटरवरचा वेळ कॅमेरे हाताळून बघण्यात जाईल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दिवसाउजेडी काढलेले फोटो फोनवरच बघायचे आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचे एवढंच असेल, तर कॅमेरा घेऊ नका. बरा फोन ते काम छान करतो. उजेड कमी आणि समोरचं हलतंय, समोरचं फार लांब आहे, किंवा फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचाय, तिथे कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात.

मेगापिक्सेलचा हिशेब

एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके. १२ × १८ इंची फोटो उत्तम छापायचा तर दर इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे ३६०० गुणिले ५४००, साधारण १९.४ मेगापिक्सेल. फोर-के टीव्हीचा पूर्ण पडदा भरायला ८.३ पुरतात. आज नवशिक्यांसाठी असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत २० ते २४ मेगापिक्सेल असतातच. २४ ऐवजी ३२ घेतले तरी फोटो रुंदीला जेमतेम १५ टक्के वाढतो. या आकड्यावरून कॅमेरा निवडू नका, एवढं पुरे.

सेन्सरचा, म्हणजे आत उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार मात्र बघा. पागोळीखाली वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, पाऊस तोच, साठणारं पाणी वेगळं. लांब झूमच्या, लेन्स न निघणाऱ्या एकसंध कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. लेन्स बदलता येणाऱ्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो, निकॉन-सोनीत सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आणि कॅननमध्ये किंचित लहान. क्षेत्रफळ जवळजवळ १३ पट. मोठ्या सेन्सरवर संध्याकाळी काढलेल्या फोटोत दाणे, म्हणजे बारीक खरखरीत ठिपके, कमी का दिसतात, त्याचं मुख्य कारण हे. यापुढची पायरी म्हणजे फुल-फ्रेम, ३६ × २४ मिलिमीटर. पहिला कॅमेरा म्हणून आम्ही तो सहसा सुचवत नाही, कारण बॉडीचे पैसे एकदाच जातात, पण प्रत्येक लेन्स महाग आणि जड पडते.

खरा खर्च कुठे करावा

कॅमेऱ्यासोबत मिळते ती किट लेन्स, १८-५५ एमएम किंवा त्याच्या आसपासची. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. तिला नावं ठेवायची पद्धत आहे, पण दिवसा, बाहेर, डोंगरात ती चांगलीच चालते. अडचण घरात होते. ५५ वर झूम केलं की तिचं तोंड एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. ५० एमएमची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, जिला सगळे 'फिफ्टी' म्हणतात, ती एफ १.८ पर्यंत उघडते. दोन्हींत उजेडाचा फरक जवळजवळ १० पट आहे. दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटखाली किट लेन्सला शटर १/१५ सेकंद उघडं ठेवावं लागत असेल, तर तेवढ्याच आयएसओवर, म्हणजे सेन्सरच्या उजेडाच्या संवेदनशीलतेवर, फिफ्टीला १/१२५ च्याही वर जाता येतं. १/१५ ला बाळाचा हात पुसट येतो, १/१२५ ला स्वस्थ बसलेलं बाळ नीट येतं. धावत्या मुलाला मात्र १/२५० ते १/५०० लागतो, तिथे आयएसओ वाढवायला कचरू नका. दाणे आलेला फोटो चालतो, हललेला दुरुस्त होत नाही.

"पण लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे ना?" आहे, आणि उपयोगीही आहे, फक्त ते तुमचा हात सावरतं. समोरचं मूल त्याने थांबत नाही.

फिफ्टी घेण्यापूर्वी खोली मोजा. एपीएस-सी बॉडीवर ५० एमएम लेन्स फुल-फ्रेमच्या ७५ ते ८० एमएमएवढी लांबचं बघते. वन-बीएचके फ्लॅटमध्ये दोन माणसं फ्रेममध्ये घ्यायला मागे सरकलात, तर पाठ भिंतीला टेकते. घरातल्या फोटोंसाठी ३५ एमएम किंवा २४ एमएमच्या आसपासची प्राइम जास्त कामाची, चेहऱ्यांच्या फोटोंसाठी फिफ्टी. दोन्ही दुकानात लावून बघायला देतो. किट लेन्स ३५ वर ठेवून आठवडाभर घरात फोटो काढलेत, तरी तुमचं तुम्हालाच कळेल.

म्हणून आमचा सल्ला असा की, ठरवलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग बॉडीच्या बोलण्यात येऊच देऊ नका. तो दुसऱ्या लेन्सचा. सगळे पैसे बॉडीत घालून किट लेन्सवरच राहिलेला माणूस वर्षभरात कॅमेरा कपाटात ठेवतो, हे आम्ही बरंच पाहिलंय.

कासच्या फुलांसाठी येणाऱ्यांना लगेच मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारी, लेन्स हवी असते. तेरडा, सोनकी यांचे गालिचे किट लेन्समध्ये उत्तम येतात. सीतेची आसवं ही इवली फुलं किंवा दवबिंदू जवळून घ्यायचे असतील, तर आधी कॉन्टॅक्टवाली एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, घ्या. तीच लेन्स बरीच जवळून फोकस करते. एक मोसम असा काढा. त्यानंतरही जमिनीवर पालथं पडून फोटो काढायची हौस टिकली, तर मॅक्रोचं बोलू.

डीएसएलआर की मिररलेस

डीएसएलआरमध्ये आरशातून थेट समोरचं दिसतं. मिररलेसमध्ये आरसा नसतो, सेन्सरला दिसतं तेच पडद्यावर दिसतं. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवीन डीएसएलआर मॉडेल आणलेलं नाही. पुढचं सगळं काम मिररलेसवर चाललंय. नवा कोरा घ्यायचा असेल, तर मिररलेसच घ्या. डोळ्यावर फोकस धरून ठेवणं, फोटो उजळ येणार की काळपट ते काढायच्या आधीच दिसणं, यामुळे नवशिक्याच्या बऱ्याच चुका कमी होतात. चॅनेलसाठी हवा असेल, तर पडदा पुढे वळतो का आणि माइकचं भोक आहे का, तेवढं बघा. पण सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० या लोकप्रिय कॅमेऱ्यांना व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही. भर उन्हात गडावर पडद्यावर काही दिसत नाही, तेव्हा ते जाणवतं. कॅनन आर१०० ला व्ह्यूफाइंडर आहे, पण पडदा वळत नाही आणि टचही नाही. दुकानात पंख्याखाली उभं राहून हे लक्षात येत नाही, बाहेर फुटपाथवर नेऊन बघा. आम्ही सोबत येतो.

मिररलेसचा एक खर्च कुणी आधी सांगत नाही, तो बॅटरीचा. सेन्सर आणि पडदा सतत चालू असतात. निकॉनचा जुना डी३५०० एका चार्जमध्ये ठरलेल्या चाचणीनुसार १५५० फोटो काढायचा, झेड५० साधारण ३०० काढतो. प्रत्यक्षात जास्तही निघतात, पण दिवसभराच्या ट्रेकला दुसरी बॅटरी लागतेच.

डीएसएलआर सेकंडहँड घ्यायला मात्र आजची वेळ चांगली आहे. मोठे फोटोग्राफर मिररलेसवर गेल्याने बाजारात भरपूर माल आहे आणि लेन्स स्वस्त मिळतात. फक्त काही खाचा माहीत हव्यात.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. त्यावर स्वस्तातली ५० एमएम एफ १.८ डी लावली, तर फोकस हाताने फिरवावा लागतो. 'एएफ-एस' लिहिलेली लेन्स घ्या. कॅनन २००डी मार्क टू वर फ्लॅश लावतात त्या जागी मधला कॉन्टॅक्ट दिलेला नाही. बाजारातले साधे, एका कॉन्टॅक्टवर चालणारे फ्लॅशचे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा विचार असणाऱ्यांनी हे आधी तपासावं. तिसरी खाच सगळ्यात मोठी. कॅनन एम५० हा मिररलेस अजूनही स्वस्तात मिळतो आणि कॅमेरा छान आहे, पण त्याचा ईएफ-एम माउंट, म्हणजे लेन्स बसायची जागा, कॅननने बंद केला. त्याच्या लेन्स नव्या आरएफ माउंटवर कुठल्याही ॲडॅप्टरने बसत नाहीत. डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स मात्र कंपनीच्या ॲडॅप्टरने नव्या बॉडीवर नीट चालतात. कॅमेरा चार-पाच वर्षांत बदलाल, लेन्स जास्त टिकतील. कुठल्या माउंटमध्ये शिरताय, याचा विचार त्यासाठी.

सेकंडहँड बघताना

शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा. डी३५००, डी५६०० अशा बॉडींचं शटर कंपनी १,००,००० फोटोंपर्यंत धरते. निकॉनच्या फोटोफाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो, कार्ड आणलंत तर आम्ही काढून देऊ. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये तो असा सहज मिळत नाही. तिथे ग्रिपचं रबर, बटणांची झीज आणि माउंटवरचे ओरखडे यांवरून अंदाज घ्यायचा. एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा. काळे ठिपके दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे. तिला घाबरू नका, ती साफ होते.

लेन्स मात्र कसून बघा. मागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती फंगस, म्हणजे बुरशी. किंमत कितीही कमी असो, नवशिक्याने ती लेन्स घेऊ नये.

पक्षी हवे असतील

खिसा दुखतो तो इथे. ५५-२५० किंवा ७०-३०० वर झाडावरचा धनेश ओळखू येतो, पण फ्रेम भरत नाही. फ्रेम भरणाऱ्या ६०० एमएमपर्यंतच्या लेन्स नवशिक्याच्या बॉडीपेक्षा कितीतरी महाग. मधला मार्ग म्हणजे निकॉन पी९५० सारखा ८३ पट झूमचा एकसंध कॅमेरा, २००० एमएमएवढा लांब बघणारा. पक्षीनिरीक्षकांना, विशेषतः नोंदी ठेवणाऱ्यांना, तो मनापासून आवडतो. सकाळच्या स्वच्छ उजेडात मायणीला किंवा भिगवणच्या रोहित पक्ष्यांना तो कामाला येतो. पण आत सेन्सर तोच ६.२ मिलिमीटरचा. सूर्य कलला की दाणे, आणि उडता पक्षी पकडणं कठीण. निवृत्तीनंतर पक्षी बघायला बाहेर पडणाऱ्या आजी-आजोबांना आम्ही तो आनंदाने देतो. कॉलेजातल्या मुलांना एपीएस-सी आणि ७०-३०० घेऊन शिकायला सांगतो.

सोबतचं सामान

कार्ड दोन घ्या, प्रत्येकी ६४ जीबीचं, वर 'व्ही३०' छापलेलं. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहिलं जाण्याची हमी. एकच १२८ जीबीचं घेऊन ते बिघडलं, तर सगळी सहल गेली. कॉम्बोमधला ट्रायपॉड, तीन-चार फिल्टर आणि चकचकीत क्लीनिंग किट यांचं विशेष काही होत नाही. ते आमच्याकडेही मिळतं, मागितलंत तर. हवा मारायचा रबरी ब्लोअर आणि मायक्रोफायबरचं फडकं एवढं पुरतं.

जून ते सप्टेंबर

आपल्याकडे कॅमेरे पडून जितके खराब होत नाहीत, तितके पावसाळ्यात बॅगेत ठेवून होतात. फंगसला लागतो अंधार, ओल आणि न हललेली हवा. चेन लावलेली कॅमेराबॅग, तीही कपड्यांच्या कपाटात, म्हणजे तिन्हींची सोय. चामडी कव्हर तर आणखी वाईट. स्वयंपाकघरात वापरतो तसा मोठा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. फार खाली गेला, तर रबर आणि आतलं वंगण कोरडं पडतं. सिलिका जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. तांदळात कॅमेरा ठेवू नका, त्याचं पीठ बटणांत आणि रिंगमध्ये जातं. कोकणात राहणाऱ्यांनी आणि महाबळेश्वरकरांनी विजेवर चालणाऱ्या ड्राय कॅबिनेटचाच विचार करावा. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा, झूमची रिंग फिरवा.

सुरुवातीच्या किमतीतल्या बॉडी पाणीरोधक नसतात. पावसात प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड चालतात, छत्री धरणारा मित्र असला तर फारच छान. एसी गाडीतून एकदम धुक्यात उतरलात, तर लेन्स वाफाळते. ती पुसत बसू नका. थांबायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा.

बिल आणि खोका

कॅमेरा कुठूनही घ्या, खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि एमआरपी यांचं स्टिकर बघा. ते नसेल आणि भाव फारच कमी असेल, तर माल बहुधा मागच्या दाराने आलेला असतो आणि भारतातली वॉरंटी मिळत नाही. जीएसटी बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर वेगवेगळा लिहून घ्या. खोक्यावरचा, बिलावरचा आणि कॅमेऱ्याच्या तळाचा नंबर दुकानातच जुळवून बघा. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने उडतात.

येताना फोनमधले तुमचे आवडते दहा-बारा फोटो आणि जे बिघडले असं वाटतं ते तेवढेच, असे वेगळे काढून आणा. बिघडलेल्यांवरून आम्हाला लेन्स सुचवणं सोपं जातं. शनिवार-रविवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी आलात तर दोन-तीन बॉडी बाहेर नेऊन आरामात बघता येतील. कॅमेरा ज्यांच्या हातात जास्त राहणार, त्यांना सोबत आणा. बोटं लहान असतील तर काही ग्रिप हातात बसत नाहीत.