सोन्याआधी ऐकू येते ती माती

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात बॅलरॅट, बेंडिगो, डनॉली या परिसरात 1850च्या दशकापासून सोने शोधले जात आहे आणि आजही परवाना काढून, मेटल डिटेक्टर घेऊन हौशी मंडळी तेथे हिंडतात. 1980 साली किंगोवर येथे सुमारे 27 किलो वजनाचा सोन्याचा गोळा सापडला, तो अशाच यंत्राने. मात्र या भागात यंत्राला सर्वांत मोठ्याने ऐकू येते ती माती.

डिटेक्टरची कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते, त्यामुळे धातूच्या तुकड्यात विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र कॉइलकडे परत येते. पण प्रतिसाद लोहखनिजेही देतात. मॅग्नेटाइट (रत्नागिरीच्या किनाऱ्यावर चुंबक फिरवला की चिकटणाऱ्या काळ्या कणांतही ते असते) क्षेत्राच्या बरोबरीने चुंबकित होते, म्हणून ते ओळखणे सोपे. खरी अडचण मॅगहेमाइटची आहे. वणव्यात तापलेल्या मातीतही तयार होणाऱ्या या खनिजाचे अतिसूक्ष्म कण क्षेत्रामागून किंचित उशिरा वळतात, आणि हा उशीर यंत्राला धातूसारखाच भासतो.

मातीचा हा संकेत यंत्राकडून वजा करवून घेण्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, आणि त्याचा आधार एका साध्या निरीक्षणात आहे. कॉइल वर उचलली की मातीचा संकेत क्षीण होतो, पण त्याची घडण, म्हणजे तत्काळ आणि उशिराच्या भागांचे प्रमाण, त्या जागी जवळजवळ तेच राहते. म्हणूनच धातू नसलेली जागा निवडून कॉइल जमिनीलगत वर-खाली हलवतात आणि आवाज दोन्ही वेळी सारखा येईपर्यंत बटण फिरवतात. यंत्राची संवेदनक्षमता येथे कमी होत नाही. कोणत्या घडणीचा संकेत वजा करायचा, एवढेच त्याला कळते.

स्पंद पद्धतीच्या, म्हणजे कॉइलमध्ये प्रवाह थोडा वेळ सोडून तोडणाऱ्या यंत्रांत ही वजाबाकी फार सुंदर आहे. प्रवाह एकदम तोडल्यावर मॅगहेमाइटयुक्त मातीचा संकेत साधारणपणे वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे 10 मायक्रोसेकंदांनंतर जेवढा असतो त्याच्या निम्मा 20 मायक्रोसेकंदांनंतर उरतो. दुसऱ्या मोजमापाची दुप्पट पहिल्यातून वजा केली की मातीचे उत्तर शून्य येते. सोन्याचा संकेत मात्र घातांकी गतीने विरतो, त्यामुळे त्याची बाकी सहसा उरते. ज्या तुकड्याचा संकेत योगायोगाने नेमका निम्मा होतो, तो मातीबरोबर पुसला जातो. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे.

माती पावलागणिक बदलते, म्हणून अनेक यंत्रांत स्वयंचलित समायोजन असते. ते सोयीचे आहे, पण अंधूक आवाजावर कॉइल पुन्हापुन्हा फिरवत राहिल्यास यंत्र त्या तुकड्यालाच माती समजून वजा करू लागते. अशा वेळी बाजूच्या स्वच्छ जमिनीवर पुन्हा बॅलन्स करावे, समायोजन तेथेच गोठवावे, आणि मगच कॉइल त्या आवाजावर परत आणावी.