ॲपच्या कोटेशनमागचा इतिहास

व्यवसायासाठी मोबाइल ॲप करून घ्यायला गेलं की डेव्हलपर पहिल्याच बैठकीत प्रश्नांची सरबत्ती करतो. अँड्रॉइड, आयओएस (आयफोनची प्रणाली) की दोन्ही? नेटिव्ह, म्हणजे प्रत्येक प्रणालीसाठी वेगळं लिहिलेलं, की क्रॉस-प्लॅटफॉर्म, म्हणजे एकाच कोडवर दोन्हीकडे चालणारं? स्टोअरचं खातं कोणाच्या नावावर? मेंटेनन्सचं काय? ऐकणाऱ्याला हे बिल फुगवण्याचे बहाणे वाटतात. कधीकधी ते असतातही. पण यातला प्रत्येक प्रश्न जुन्या अडचणींतून आलेला आहे.

कामासाठी हातात धरायचं यंत्र ही कल्पना स्मार्टफोनहून जुनी. यूपीएस या अमेरिकन कुरिअर कंपनीने १९९१ मध्येच पार्सल पोचवणाऱ्यांच्या हातात सही टिपून घेणारं यंत्र दिलं होतं. १९९६ मध्ये पाम पायलट हा खिशात मावणारा संगणक आला. पण ही साधनं कंपनीच्या स्वतःच्या माणसांसाठी. ग्राहकाच्या फोनवर पोचायचं तर वाट टेलिकॉम कंपनीच्या दारातूनच जायची. जपानच्या एनटीटी डोकोमो या टेलिकॉम कंपनीने १९९९ मध्ये आय-मोड ही फोनवरची इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा सेवेचे पैसे ग्राहकाच्या फोनबिलात लावायचे, ९ टक्के आपण ठेवायचे आणि उरलेले सेवा देणाऱ्याला द्यायचे, अशी सोय केली. ॲप स्टोअरच्या कमिशनचं मूळ मला इथे दिसतं. इतर ठिकाणी टेलिकॉम कंपन्या याहून बराच मोठा वाटा घेत.

मग आली जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची मोबाइलवरची आवृत्ती, म्हणजे जे-टू-एमई. एकदा लिहा, कुठल्याही फोनवर चालवा, हे जावाचं आश्वासन. प्रत्यक्षात पडद्याखालचं डावं बटण दाबलं की नोकियाचा फोन प्रोग्रॅमला उणे ६ हा कोड द्यायचा आणि सीमेन्सचा उणे १. कुठे पडदा १२८ बाय १२८ पिक्सेल, कुठे १७६ बाय २०८. नोकियाच्या अनेक साध्या फोनांत अख्खं ॲप ६४ किलोबाइटमध्ये बसवावं लागे; आज फोनवर काढलेला एक फोटोही त्याच्या कित्येक पट मोठा असतो. परिणाम असा की एकाच ॲपच्या डझनावारी आवृत्त्या काढायच्या आणि प्रत्येक हँडसेट हातात घेऊन तपासायचा. मोठ्या कंपन्यांनाच ते परवडे. टेस्टिंगचा खर्च वेगळा लावण्याची सवय या धंद्याला तेव्हाच लागली असावी.

जून २००७ मध्ये आयफोन बाजारात आला, पण त्यावर बाहेरच्यांनी ॲप बनवायची सोयच नव्हती. त्याआधी काही दिवस स्टीव्ह जॉब्सने डेव्हलपरांना सांगितलं होतं, सफारी या ब्राउझरमध्ये चालणारी वेब ॲप बनवा. डेव्हलपर नाराज झाले. ऑक्टोबरमध्ये ॲपलने भूमिका बदलली, मार्च २००८ मध्ये एसडीके, म्हणजे ॲप बनवायचा साधनसंच, हाती दिलं आणि जुलैमध्ये सुमारे ५०० ॲपसह ॲप स्टोअर उघडलं. पहिल्या काही दिवसांतच १ कोटी डाउनलोड झाले. विक्रीतले ३० टक्के ॲपलचे, ७० डेव्हलपरचे. टेलिकॉम कंपनी मधून गेली आणि तिच्या जागी स्टोअर बसलं. त्याच वर्षी, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलचं अँड्रॉइड मार्केट सुरू झालं. आयफोनचं ॲप ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत, अँड्रॉइडचं जावामध्ये. ‘दोन्ही हवं’ म्हटलं की आकडा जवळपास दुप्पट होतो, तो इथून.

हा दुप्पट खर्च वाचवायची धडपड लगेच सुरू झाली. फोनगॅप या साधनाने वेबपान ॲपच्या वेष्टनात गुंडाळायची युक्ती काढली. फेसबुकनेही आपली ॲप बरीचशी एचटीएमएल-५ या वेबपानांच्या भाषेवर बेतली होती. ती रखडत चालत. २०१२ मध्ये आयफोनचं ॲप नव्याने नेटिव्ह लिहिल्यावर, एचटीएमएल-५ वर इतका भर देणं ही कंपनीची मोठी चूक होती, असं मार्क झुकरबर्गने जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर बरीच वर्षं ‘हायब्रिड’, म्हणजे वेबपान आणि ॲपचा असा संकर, म्हटलं की लोक नाक मुरडत. पुढे फेसबुकनेच २०१५ मध्ये एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप बनवायचं रिॲक्ट नेटिव्ह हे साधन खुलं केलं, २०१८ च्या अखेरीस गूगलचं तसंच फ्लटर १.० आलं, आणि साध्या ऑर्डर-बुकिंगच्या ॲपसाठी एकाच कोडवर काम भागू लागलं.

मेंटेनन्सची ओळ सगळ्यात जास्त खटकते. ॲप एकदा बनलं की बनलं, हा समज २०१७ मध्ये अनेकांना महागात पडला. त्या वर्षी आयओएस ११ ने ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली, ॲप चालवणंच थांबवलं. ज्यांनी वेळेत अपडेट केलं नव्हतं, त्यांची ॲप नव्या आयओएसवर उघडेनाशी झाली. गूगलही २०१८ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना अँड्रॉइडच्या ताज्या आवृत्त्यांशी जुळवून घ्यायला लावतं आणि ही अट दरवर्षी पुढे सरकते.

खात्याचा प्रश्नही २०१७ चाच. एकाच साच्यातून काढलेली शेकडो ॲप ती बनवणाऱ्या एजन्सीच्या खात्यावरून येऊ लागल्यावर ॲपलने नियम केला की साच्यातलं ॲप ज्याचा व्यवसाय, त्यानेच सादर करावं. नियम बाजूला ठेवला तरी खातं आपल्याच नावावर असलेलं बरं. एजन्सी बदलताना हे कळतं. कमिशनबद्दल मात्र उगाच धास्ती असते. ते ॲपमधून विकलेल्या डिजिटल गोष्टींवर लागतं; प्रत्यक्ष वस्तू किंवा ॲपबाहेर मिळणारी सेवा विकली तर नाही. २०२१ पासून छोट्या डेव्हलपरांसाठी दोन्ही स्टोअरनी दर १५ टक्क्यांवर आणला आहे.

डेव्हलपर सहसा न विचारणारा एक प्रश्न उरतो: ॲपच हवं का? नोटिफिकेशन पाठवता येतात, हे ॲपच्या बाजूचं हुकमी उत्तर असे. मार्च २०२३ मध्ये आयओएस १६.४ आल्यापासून होम स्क्रीनवर ठेवलेली वेबसाइटही आयफोनवर नोटिफिकेशन पाठवू शकते. अँड्रॉइडवर ही सोय आधीपासून होती. अशा वेबसाइटचं कोटेशन मात्र आपणहून मागावं लागतं.